गोचीड चावली होती, हे डॉक्टरांना आधी सांगा

देवळाली प्रवरात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर गाईला ताप आला, ती चारा खाईना, दूध एकदम आटलं, की घरातलं माणूस आधी तिची कास, कानाची मागची बाजू आणि शेपटीखालची जागा चाचपून बघतं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो तोही ‘गोचीड ताप वाटतोय’ असाच. त्याच घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला चार दिवस ताप राहिला, तर मात्र गोचिडीचं नाव कुणीच काढत नाही. आईवडील सांगत नाहीत आणि दवाखान्यातही क्वचितच कुणी विचारतं. रक्त तपासलं जातं, विडालचा रिपोर्ट ‘थोडा पॉझिटिव्ह’ येतो, टायफॉइड म्हणून औषध सुरू होतं, सलाईन लागतं, आणि ताप काही हटत नाही. जो प्रश्न आपण गोठ्यात हमखास विचारतो, तो घरातल्या तापालाही विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्या एका प्रश्नावर औषध बदलतं, आणि काही रुग्णांच्या बाबतीत त्या औषधावर जीव अवलंबून असतो.

ज्या आजाराबद्दल मी मुख्यतः लिहितो आहे त्याला इंडियन टिक टायफस म्हणतात. तो ‘स्पॉटेड फीव्हर’ गटातला आजार. त्याचा जंतू रिकेट्सिया कोनोराय. कुत्र्याच्या अंगावर आढळणारी तपकिरी गोचीड हा त्याचा मोठा वाहक, आणि ही गोचीड रानात कमी, घराच्या आसपासच जास्त राहते. कुत्र्याच्या कानात, भिंतीच्या भेगेत, ओट्याच्या फटीत, पोत्यांच्या थप्पीमागे ती सापडते. चावताना दुखत नाही, म्हणून चावल्याचं बऱ्याच रुग्णांना आठवतही नाही. साधारण आठवडाभराने, कधी थोडं आधी तर कधी दोन आठवड्यांनी, जोराचा ताप येतो. डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, डोळे लाल होतात. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये शिरून वाढतो. त्यामुळे वाहिन्या झिरपू लागतात. ताप सुरू झाल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास हातापायांवर पुरळ उठतं आणि ते तळहातांवर नि तळव्यांवरही येतं. गोवरात किंवा डेंग्यूत पुरळ एवढ्या ठळकपणे तळव्यांवर बहुधा नसतं. सावळ्या कातडीवर सुरुवातीचं पुरळ ट्यूबच्या उजेडात दिसत नाही. मुलाला दारात, दिवसाच्या उजेडात उभं करून तळवे बघा. पावलांवर सूज आली आहे का तेही बोट दाबून बघा. उशीर झाला तर पुरळाचे डाग काळेनिळे पडतात, बोटांची टोकं किंवा कानाची पाळी काळी पडू लागते, प्लेटलेट कमी होतात, मेंदू, फुप्फुसं आणि किडनीवर परिणाम होतो.

‘हे आपल्याकडे असतं का?’ असं विचारणाऱ्यांना उत्तर जुनंच आहे. १९१७ मध्ये मेगॉ नावाच्या लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टरांनी कुमाऊँच्या डोंगरभागात गोचीड चावल्यानंतर आलेल्या अशा तापाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील गोचिडीजन्य रिकेट्सिया आजारांवरचा शोधनिबंध १९८४ सालचा आहे. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये एक गुणपद्धत मांडली, ती मला फार मोलाची वाटते. लहान गावातल्या डॉक्टरकडे महागड्या तपासण्या नसतात, म्हणून त्यांनी ग्रामीण वस्ती, घरातली जनावरं, गोचिडीशी संपर्क, तळहात-तळव्यांवरचं पुरळ, पावलांची सूज आणि रक्ताच्या काही साध्या तपासण्या यांना गुण दिले. त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी कुठल्याही यंत्रातून निघत नाहीत. रुग्णाच्या घरच्यांनी सांगितल्या तरच कळतात. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा रिकेट्सियाचा हा जंतुसमूह वर्तमानपत्रांतून लोकांना थोडा ओळखीचा झाला. स्क्रब टायफस गोचिडीमुळे होत नाही, गवतातल्या बारीक किड्याच्या अळीमुळे होतो. पण औषध त्यालाही तेच लागतं.

ते औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन. जुनं आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. वेळेत सुरू झालं तर बहुतेक रुग्णांचा ताप दोन दिवसांत उतरतो. आपल्याकडे तापाला सर्रास दिली जाणारी सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन, अमॉक्सिसिलिन ही औषधं या जंतूवर चालत नाहीत, कितीही भारी इंजेक्शनं दिली तरी. सल्फा गटातल्या गोळ्यांनी तर आजार बळावू शकतो. स्पॉटेड फीव्हर गटातल्याच अमेरिकेतील रॉकी माउंटन तापाचा अनुभव सांगतो की योग्य औषध तापाच्या पहिल्या पाच दिवसांत मिळालं नाही तर मृत्यूचा धोका बराच वाढतो. आणि इथेच मोठी अडचण येते. रक्तातल्या प्रतिपिंडांवर आधारलेल्या तपासण्या पहिल्या आठवड्यात बहुधा निगेटिव्ह येतात, कारण शरीराने प्रतिपिंडं तयार करायलाच तेवढे दिवस लागतात. वेल-फेलिक्स ही स्वस्त तपासणी अनेक ठिकाणी होते, पण तीही बऱ्याच खऱ्या रुग्णांना निसटू देते. म्हणजे औषधाची गरज सर्वांत जास्त असते त्याच दिवसांत रिपोर्ट काही बोलत नाही. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशय बळकट असेल तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करायचे असतात. संशय कशावरून घ्यायचा? तापाच्या दिवसांवरून, पुरळावरून, आणि तुम्ही सांगितलेल्या गोचिडीवरून.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पहिला म्हणजे गोचीड ताप हा जनावरांचा आजार आहे. यात तथ्य आहे. थायलेरिया, बबेसिया हे गाईंच्या गोचीड तापाचे जंतू वेगळे. तुमच्या संकरित गाईचा थायलेरियासिस तुम्हाला होणार नाही. पण जिथे गोचिड्या आहेत तिथे त्यांच्यासोबत माणसाचे जंतूही असू शकतात, आणि गोठा, कुत्रा नि माणसांची झोपायची जागा यांत आपल्याकडे एका भिंतीचंही अंतर नसतं. दुसरा आक्षेप, ‘आम्हाला लहानपणापासून गोचिड्या चावतात, काही झालं नाही.’ हेही खरं. बहुसंख्य गोचिड्यांत जंतू नसतो आणि बहुसंख्य चाव्यांनी काही होत नाही. म्हणून चाव्यानंतर लगेच गोळ्या घ्या असं मी सांगत नाही. ताप आला तर चावा लपवू नका, एवढंच सांगतो. तिसरा आक्षेप डॉक्टर मित्रांचा असतो. सगळ्याच तापांना डॉक्सिसायक्लिन दिलं तर अँटिबायोटिकचा गैरवापर वाढणार नाही का? वाढेल, जर न विचारता दिलं तर. पण आज जे चाललं आहे तेच मोठ्या प्रमाणावर अंदाजपंचे आहे. विडालचा एकच, कमी प्रतिपिंडं दाखवणारा रिपोर्ट बघून टायफॉइड ठरवणं आणि दर दोन दिवसांनी औषध बदलणं यात रुग्णाचे दिवस आणि पैसे दोन्ही जातात. गोचिडीचा प्रश्न विचारल्याने औषध नेमकं होतं.

चौथी शंका आयांची, आणि ती रास्त आहे. डॉक्सिसायक्लिनने मुलांचे दात पिवळे पडतात ना? टेट्रासायक्लिन गटातल्या जुन्या औषधांमुळे दात डागळत, म्हणून आठ वर्षांखालील मुलांना हा गट टाळण्याची पद्धत पडली. डॉक्सिसायक्लिनबाबत ती भीती टिकली नाही. अमेरिकेत लहानपणी स्पॉटेड फीव्हरच्या संशयावरून हे औषध मिळालेल्या ५८ मुलांचे दात पुढे दंततज्ज्ञांनी तपासले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकाही मुलाच्या दातांवर असे डाग आढळले नाहीत. थोड्या दिवसांच्या उपचारासाठी आता सर्व वयांच्या मुलांना हेच पहिलं औषध मानतात. गर्भवतींसाठी डॉक्टर बहुधा अझिथ्रोमायसिन निवडतात. मात्र चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणून घेऊ नका. मात्रा वजनावर ठरते आणि ताप उतरल्यावरही किमान तीन दिवस औषध चालू ठेवावं लागतं. गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर द्यायची सवय आहे, ती या औषधापुरती मोडा, दुधाने त्याचं शोषण कमी होतं.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत ते ‘लाइम’ आजाराबद्दल विचारतात. तिकडे तो नेहमीचा आहे. आपल्या भागात तो पसरल्याचा भक्कम पुरावा नाही, तेव्हा थकवा जात नाही म्हणून त्याच्या महागड्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर माकडताप सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात २०१६ पासून आढळला. तोही गोचिडीतूनच पसरतो, पण जंगलालगतच्या भागातला विषाणूजन्य आजार आहे. आपल्या राहुरीच्या ऊसपट्ट्यात त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही, पण काजूच्या किंवा जंगलाच्या कामासाठी तिकडे जाऊन आलेल्याला ताप आला तर ते सांगावं. गोचिडीतूनच पसरणाऱ्या काँगो तापाची गोष्ट वेगळी. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावच्या रुग्णात तो भारतात पहिल्यांदा सिद्ध झाला; पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदान केलं, आणि उपचार करणारे डॉक्टर नि परिचारिकाही त्यात दगावले. नंतर देशाच्या २२ राज्यांतून आणि एका केंद्रशासित प्रदेशातून जनावरांच्या रक्ताचे ५,६३६ नमुने तपासले गेले, त्यातल्या ३५४ मध्ये या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. गाय-शेळी आजारी दिसत नाही, हे यातलं अवघड. सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने गुजरातेतील रुग्णांमुळे सावधगिरीचा इशारा दिला होता. डॉक्सिसायक्लिन या विषाणूवर चालत नाही. तापाबरोबर हिरड्यांतून, नाकातून रक्त येत असेल आणि घरात जनावरं असतील किंवा जनावर कापण्याशी संबंध आला असेल, तर दवाखान्यात पाय ठेवताच सांगा. तुमच्या सांगण्याने तिथल्या परिचारिका वेळेत हातमोजे घालतात.

गोचीड हाताळायची आपली पद्धत मला सर्वांत जास्त काळजीत टाकते. दूध काढायला बसताना कासेवरची टम्म फुगलेली गोचीड बोटांनी उपटायची, दोन नखांत किंवा दगडावर चिरडायची, आणि तेच हात धारेला लावायचे. चिरडलेल्या गोचिडीचं रक्त बोटाच्या चिरेतून किंवा डोळे चोळताना आत जाऊ शकतं. हातमोजा किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, गोचिड्या साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात टाका, नखाने फोडू नका. माणसाच्या अंगाला चिकटली असेल तर तिला काडीने चटका देऊ नका, वर रॉकेल ओतू नका. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सावकाश सरळ ओढा, जागा साबणाने धुवा आणि कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती खूण कामाला येते. औषध फक्त गाईच्या अंगावर मारून भागत नाही. पोट भरलेली मादी खाली पडून भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते, म्हणून भिंतीच्या भेगा लिंपणं, गोठ्यात फवारणी, आणि त्याच दिवशी कुत्र्यावरही उपचार हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून एकत्र करावं लागतं. कुत्री मारून किंवा गाई विकून हा प्रश्न सुटत नाही. हंगामात कारखान्यांच्या परिसरात कोप्या टाकून राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा विचार तर कुणी करतच नाही. तिथे बैल, कुत्रं आणि लेकरं शेजारी शेजारी झोपतात आणि तापासाठी दवाखान्यात जाणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं. त्यांच्यापर्यंत ही माहिती मुकादमामार्फत पोचवणं आणि फवारणीच्या वेळी त्यांच्या बैलांना धरणं, हे कारखाना आणि आरोग्य खातं यांनी मिळून करावं.

आजारातून उठलेल्या माणसाकडेही लक्ष द्यायला हवं. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे शिवण्याने, जेवणाने किंवा खोकल्याने पसरत नाही, तेव्हा ताट-अंथरूण वेगळं करण्याचं कारण नाही. जबर आजारानंतर अशक्तपणा कित्येक आठवडे टिकू शकतो. रुग्ण आळशी झालेला नसतो. काहींना ऐकू कमी येतं, काहींची काळी पडलेली बोटांची टोकं सावकाश झडतात किंवा काढावी लागतात. त्या जखमेवर हळद, राख किंवा जळकं तेल लावू नका, कोरडी आणि स्वच्छ ठेवा आणि लोणीच्या किंवा अहिल्यानगरच्या मोठ्या रुग्णालयात शल्यचिकित्सकांना दाखवा. काळा भाग आणि जिवंत भाग यांची सीमा स्पष्ट होईपर्यंत कापण्याची घाई सहसा करत नाहीत. शाळेतलं मूल परत वर्गात बसू लागलं की महिनाभराने त्याचे कान तपासून घ्या, मागच्या बाकावरून त्याला बाईंचं ऐकू येतं का ते विचारा. ताप उतरल्यानंतर पुन्हा आला, लघवी कमी झाली, झोप अनावर होऊ लागली किंवा बडबड सुरू झाली, तर सकाळची वाट न पाहता निघा, आणि वाटेतच फोन करून सांगा की घरात जनावरं आहेत.