मूर्तिचोराचं प्रोफाइल कसं आखायचं: कुंभकोणमच्या खटल्यावरून

1 नोव्हेंबर 2022 रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या न्यायालयानं सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या कलावस्तू विक्रेत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. अरियलूर जिल्ह्यातल्या वरदराज पेरुमाळ मंदिरातून 19 मूर्ती चोरून परदेशी पाठवल्याचा तो खटला होता. मंदिराचं कुलूप कपूरनं स्वतः फोडलं नव्हतं. 2011 मध्ये फ्रँकफर्टला पकडला जाईपर्यंत तो मॅडिसन ॲव्हेन्यूवर प्रतिष्ठेची गॅलरी चालवत होता. त्यामुळे मूर्तिचोरीत एका माणसाचं प्रोफाइल आखून भागत नाही, साखळीतल्या प्रत्येक कडीचं वेगळं आखावं लागतं. पुढची कृती मंदिराचे विश्वस्त, पोलीस पाटील आणि नव्यानं तपासाला लागलेले अंमलदार यांच्यासाठी आहे.

1. गाभारा धुऊ नका.
चोरी उघडकीला आली की गावात आधी शुद्धीची घाई होते. पंचनाम्यापूर्वी पाणी पडलं की पावलांचे ठसे, हत्याराचे ओरखडे, चौथऱ्यावरची धूळ, सगळं वाहून जातं. गुरवांना किंवा पुजाऱ्यांना आदरानं समजावून सांगा आणि शुद्धी तपासणीनंतर करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये प्रार्थनास्थळातल्या मूर्तीच्या चोरीचा वेगळा उल्लेख आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. सात किंवा त्याहून जास्त वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी यावं, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. फिर्याद देतानाच तशी मागणी करा.

2. काय गेलं आणि काय राहिलं, याच्या दोन याद्या करा.
सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पहिली यादी सगळेच करतात, पण चोराची ओळख बहुतेकदा दुसरीत असते. दानपेटी फुटली आणि पंचधातूची मूर्ती जागेवर राहिली, तर चोराला रोख हवी होती. तो बहुधा जवळचा असतो आणि घाईत असतो. सोनं-चांदी गेली, तर माल वितळवला जाणार हे गृहीत धरा. दिवेआगरचा सुवर्णगणेश आठवा. 1997 मध्ये सुपारीच्या बागेत सापडलेला तो ऐवज 24 मार्च 2012 च्या पहाटे दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन पळवला आणि पुढे वितळवला. अशा गुन्ह्यात हातात काही तासच असतात. माणसं आधीच सराफ, आटणी करणारे आणि टोलनाके यांच्याकडे धाडावी लागतात.

याउलट, चांदीची प्रभावळ तशीच ठेवून काळवंडलेली जुनी उत्सवमूर्ती तेवढी उचलली असेल, तर कुणीतरी त्याला नेमकं काय आणायचं ते सांगून पाठवलं होतं. ही मूर्ती वितळणार नाही. ती अखंड राहिली तरच तिला किंमत आहे. ती दडवली जाईल, हात बदलेल आणि बंदराकडे सरकेल. इथं धीर धरून कागदांचा माग काढणारा अधिकारी लागतो.

3. ‘कुणी नेली?’ याआधी ‘शेवटची कुणी पाहिली?’ हे विचारा.
अरियलूर जिल्ह्यातल्याच श्रीपुरंदान गावच्या शिवमंदिरातून 2006 मध्ये मूर्ती गेल्या, पण गावाला पत्ता लागला 2008 मध्ये. नित्यपूजा थांबलेली होती आणि दार बंद होतं. अशा जागेची निवडच चोराविषयी बरंच सांगून जाते: इथं कुणी फिरकत नाही हे त्याला ठाऊक होतं. ही माहिती कुणाकुणाकडे होती, त्याची नोंद करा. मात्र माहिती असणं म्हणजे गुन्हा करणं नव्हे. या यादीतली नावं चावडीवर वाचू नका. गरीब, भटक्या जमातीतल्या माणसांवर आधी बोट ठेवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यामुळे खरा दलाल निसटतो.

4. साखळीच्या प्रत्येक कडीचा स्वभाव वेगळा लिहा.
कागदाचे चार रकाने करा: उचलणारा, दलाल, निर्यातदार, विक्रेता. उचलणाऱ्याला पैशांची निकड असते आणि त्याच्या जागी दुसरा लगेच मिळतो. दलालाला गावही कळतं आणि बाजारही. निर्यातदार जुनी मूर्ती नव्या हस्तकलेच्या मालात मिसळतो. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलईत आजही स्थपती मेणाच्या नमुन्यावरून सुंदर मूर्ती ओततात, आणि त्या प्रामाणिक धंद्याच्या आडून तस्कर आपला माल काढतात, याचा मला फार राग येतो. विक्रेत्याला मात्र प्रतिष्ठा हवी असते. तो खोटी मालकीपत्रं तयार करतो.

चारही जण स्वतःला एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत पटवत असतात. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये हे मांडलं: गुन्हेगार नियम पूर्ण झुगारत नाही, तो स्वतःपुरती सबब तयार करतो. ‘ओसाड देवळात पडून होती’, ‘संग्रहालयात तरी नीट राहील’, ‘माझं काम फक्त पेटी पोचवायचं’. जबाबात अशी सबब आली की ती शब्दशः टिपून घ्या. तिच्यावरून माणूस कोणत्या कडीचा, याचा अंदाज येतो.

5. चौकशीत प्रोफाइलवर विसंबून राहू नका.
प्रोफाइल शोधाची दिशा देतं, तो पुरावा नव्हे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग चालतो. संमतीशिवाय नार्को किंवा ब्रेन मॅपिंग करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या सेल्वी निकालात स्पष्ट केलं आहे. खुले प्रश्न विचारा, सबब तुम्ही पुरवू नका आणि आरोपीच्या बोलण्यातला प्रत्येक तपशील फोन, वाहन, पेटी अशा वस्तूंशी ताडून पाहा.

6. पहिल्या अटकेवर फाइल बंद करू नका.
उचलणारा तुरुंगात गेला आणि विक्रेता मोकळा राहिला, तर पुढचं देऊळ फुटणारच. विक्रेता परदेशात असेल, तर आरोपपत्र सुरुवातीपासून काटेकोर हवं. प्रत्यार्पण कायद्याच्या कलम 21 नुसार, ज्या गुन्ह्यासाठी आरोपी सोपवला गेला, साधारणपणे त्यावरच खटला चालवता येतो. कपूरला 2012 मध्ये भारताच्या ताब्यात दिलं आणि निकालाला आणखी दहा वर्षं लागली. इतका काळ साक्षीदार, पंच आणि मुद्देमाल सांभाळायची तयारी ठेवा. सोडवून आणलेल्या मूर्तींसाठी कुंभकोणमला खास सुरक्षा केंद्र आहे. महाराष्ट्रातही जिल्हा पातळीवर तसं हवं, असं मी ठामपणे म्हणेन.

7. फोटो आजच काढा.
श्रीपुरंदानचा नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनानं 2008 मध्ये सुमारे 50 लाख डॉलरना घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेनं त्याचा देवळातच 1994 मध्ये काढलेला फोटो नसता, तर विक्रेत्याच्या कागदांना उत्तर देणं फार अवघड गेलं असतं. सप्टेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती भारताला परत दिली.

वस्त्रं आणि हार उतरवून, पुजाऱ्यांच्या संमतीनं, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि बैठकीच्या तळाचा फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. उंची आणि वजन लिहा. तुटलेलं बोट, झिजलेलं नाक, ओतकामातलं छिद्र, बैठकीवरचा लेख यांचे जवळून फोटो हवेत, कारण नक्कल करणारा नेमक्या याच खुणांवर चुकतो. तारीख टाकून दोन विश्वस्तांच्या सह्या घ्या. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक धर्मादाय कार्यालयात आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवा. दरवर्षी जत्रेनंतर मूर्ती फोटोशी ताडून पाहा आणि नवी खूण दिसली तर नोंदवहीत वाढवा.