फुप्फुसांचा रक्तदाब आणि फार्मासिस्ट : अल्लीपूरच्या विद्यार्थ्यांसाठी फार्मसीची वाट

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावात बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींच्या घरी फार्मसीचा विषय निघतो, तेव्हा बोलणे बहुधा मेडिकल दुकानाचा परवाना, भाडे आणि भांडवल यांभोवतीच फिरते. हा हिशेब चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण दुकान हे फार्मासिस्टच्या कामाचे केवळ एक ठिकाण असून त्याचे खरे काम चिठ्ठीतील औषध रुग्णाच्या शरीरात सुरक्षितपणे पोहोचेल याची जबाबदारी घेण्याचे आहे. ही जबाबदारी किती मोठी असते, हे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन म्हणजेच फुप्फुसधमनीच्या उच्च रक्तदाबाच्या उपचारावरून नेमके कळते.

आजाराचे स्वरूप

दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा रक्तदाब आणि हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांतील रक्तदाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या धमन्यांच्या बारीक शाखांच्या भिंती जाड व अरुंद झाल्या की आतील दाब वाढतो, हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण येतो आणि रुग्णाला धाप, थकवा, भोवळ व पायांवर सूज असा त्रास होऊ लागतो. विश्रांतीच्या वेळी हा सरासरी दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरपेक्षा अधिक असणे, हृदयाची डावी बाजू त्यास कारण नसणे आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा रोध वाढलेला असणे, अशा निकषांवर निदान ठरते, आणि ते पक्के करण्यासाठी शिरेतून नळी सरकवून हृदयाच्या उजव्या बाजूची तपासणी करावी लागते. जन्मजात हृदयदोष, स्क्लेरोडर्मासारखे संधिवाताच्या गटातील विकार, एचआयव्ही, आनुवंशिकता आणि भूक कमी करणारी काही औषधे ही त्याची ज्ञात कारणे आहेत, तर काही रुग्णांत कोणतेही कारण सापडत नाही.

फार्मासिस्ट नेमके काय करतो

या आजारात नेहमी वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी सिल्डेनाफिल हे लैंगिक दुर्बलतेवरील औषध म्हणून अधिक परिचित असले, तरी अमेरिकेत 2005 पासून फुप्फुसधमनीच्या रक्तदाबासाठीही ते मान्य आहे आणि त्याची प्रचलित मात्रा 20 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा अशी असते. एखाद्या महिलेच्या चिठ्ठीत हे नाव दिसल्यावर घरच्यांना संकोच वाटतो किंवा शंका येते, आणि त्यातून औषध बंदही केले जाऊ शकते. अशा वेळी शांतपणे, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, औषधाचा हेतू समजावून सांगणारा फार्मासिस्ट उपचार टिकवून धरतो. छातीतील दुखण्यासाठी जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी याच रुग्णाच्या घरात असेल, तर दोन्ही एकत्र घेतल्याने रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. रिओसिगुआट हे या आजारावरील दुसरे औषधही सिल्डेनाफिलबरोबर देता येत नाही.

बोसेंटान या औषधाबाबत अधिक सावध राहावे लागते. ते यकृताला इजा करू शकत असल्याने दरमहा यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. गर्भावर दुष्परिणाम होत असल्याने गर्भधारणा टाळणे आवश्यक असते, पण तेच औषध माला-डीसारख्या संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी करते, त्यामुळे केवळ गोळीवर विसंबून चालत नाही. मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड बोसेंटानसोबत देऊ नये, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन त्याचे रक्तातील प्रमाण बदलते. रुग्ण हृदयाचे, मधुमेहाचे आणि क्षयाचे औषध वेगवेगळ्या ठिकाणांहून आणतो तेव्हा या सर्व चिठ्ठ्या एकत्र पाहणारी व्यक्ती फार्मासिस्टच असू शकते. सर्दीसाठी नाक मोकळे करणारी गोळी किंवा अंगदुखीची गोळी सहज मागितली जाते, तेव्हाही तीच व्यक्ती थांबवून विचारपूस करते, आणि महिन्याचे औषध संपण्यापूर्वी पुढचा साठा मागवून उपचारात खंड पडू देत नाही.

विदर्भासाठी यात आणखी एक पदर आहे. येथे सिकलसेल विकाराचे प्रमाण लक्षणीय असून त्या रुग्णांतही फुप्फुसांचा रक्तदाब वाढू शकतो, पण त्याचे वर्गीकरण वेगळ्या गटात केले जाते आणि उपचारही तसेच्या तसे लागू पडत नाहीत. अमेरिका व ब्रिटनमध्ये सिकलसेल रुग्णांवर झालेली सिल्डेनाफिलची चाचणी 2009 मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांना वेदनेच्या झटक्यांमुळे रुग्णालयात दाखल होण्याची वेळ अधिक येत होती. नाव तेच असले तरी रुग्णानुसार औषधाचा गुण बदलतो, हे फार्मासिस्टला ठाऊक असावे लागते.

अभ्यासक्रमांची निवड

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित घेऊन बारावी झालेल्यांना तीन मुख्य वाटा आहेत. दोन वर्षांचा डी.फार्म. कमी खर्चाचा असून औषध दुकान आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकाऱ्याचे पद यांसाठी उपयोगी पडतो; मात्र 2022 च्या नियमांनी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षेची अट आणलेली असल्याने तिची सद्यस्थिती महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडून जाणून घ्यावी. चार वर्षांचा बी.फार्म. औषधनिर्मिती, गुणवत्ता तपासणी, अन्न व औषध प्रशासन आणि पुढील शिक्षण यांचे दरवाजे उघडतो, व डी.फार्म. झालेल्यांना त्याच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. भारतात 2008 मध्ये सुरू झालेला फार्म.डी. सहा वर्षांचा असून शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे असते. वर सांगितलेले काम डॉक्टरांच्या राउंडबरोबर करायचे असेल त्यांच्यासाठी तो सर्वांत जवळचा मार्ग आहे. बी.फार्म. आणि फार्म.डी. साठी राज्यात एमएचटी-सीईटी द्यावी लागते.

पालकांनी तपासावयाच्या बाबी

फार्म.डी. झालेल्यांसाठी सरकारी रुग्णालयांत पदे अजून थोडी आहेत, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे. खासगी रुग्णालये, औषधचाचण्या आणि दुष्परिणामांच्या नोंदींचे काम, म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, येथे संधी तुलनेने अधिक आहेत. महाविद्यालयाला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची त्या वर्षाची मान्यता आहे का, फार्म.डी.साठी ते प्रत्यक्ष रुग्णालयाशी जोडलेले आहे का, शुल्काबरोबर वसतिगृहाचा खर्च किती आणि पात्र विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते का, हे चार प्रश्न प्रवेशाच्या पावतीआधी विचारावेत. 1969 मध्ये सेवाग्रामला सुरू झालेली महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय शिक्षणसंकुल जिल्ह्यातच असल्याने मोठ्या रुग्णालयातील औषधविभाग कसा चालतो हे पाहण्यासाठी वर्ध्याबाहेर जावे लागत नाही.

फार्मसी कायदा 1948 च्या कलम 42 नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे, आणि तो अधिकार भाड्याने द्यायचे प्रमाणपत्र नव्हे. त्यामुळे मुलाला रसायनशास्त्र आवडते का, माणसांशी संयमाने बोलता येते का आणि सतत शिकत राहण्याची त्याची तयारी आहे का, या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तरच दुकानाच्या भांडवलाचा हिशेब मांडायला बसावे.