अभ्यास आणि गाणी

परीक्षा जवळ आल्या की आपल्या घराघरांत एकच वाद रंगतो: कानात गाणी लावून अभ्यास होतो का?

१९९३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंची रचना १० मिनिटे ऐकवली. नंतर आकृत्यांची कोडी घातली, तेव्हा नुसते शांत बसल्यावर मिळाले त्यापेक्षा त्यांना अधिक गुण मिळाले. झाले, ‘मोझार्ट ऐका, हुशार व्हा’ अशी हाकाटी उठली! पण तो परिणाम पंधराएक मिनिटांतच ओसरला होता, आणि संगीत ऐकवले होते ते कोडी हाती देण्यापूर्वी.

वाचताना आपण मनातल्या मनात शब्द उच्चारतो; गाण्याचे शब्द त्यांत घुसतात आणि पाठांतर बिघडते. भाजी निवडताना मात्र खुशाल गाणी लावावीत. स्तोत्राच्या अर्थापेक्षा चालीनेच कधी कधी आपले मन ओढून घेतले, असे संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कबूल केले आहे. एवढ्या मोठ्या संताची ही गत, मग दहावीच्या मुलांचे काय!

तेव्हा पालकांनो, आम्ही सुचवतो, भांडू नका. अभ्यासाला बसण्यापूर्वी १० मिनिटे मुलांना आवडते गाणे ऐकू द्या, मग ते बंद करून पुस्तक उघडायला सांगा.