बंद इंजिन, टायमिंग चेन आणि निदानाचे अर्थशास्त्र

मोटारगाडीचे इंजिन सुरू न होणे ही वरवर पाहता वाहनधारकाची खासगी अडचण आहे. तथापि, त्या बंद इंजिनासमोर उभे असलेले ग्राहक आणि कारागीर यांच्यातील व्यवहार अर्थशास्त्रातील ‘माहितीची विषमता’ या संकल्पनेचे नेमके उदाहरण ठरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या आधारे हा विचार मांडला आणि २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी त्यापुढची पायरी दाखविली. काही सेवा अशा असतात, की त्या घेतल्यानंतरही त्यांची खरोखर गरज होती किंवा नाही, हे ग्राहकाला कळत नाही. अशा सेवांना ‘विश्वासाधारित’ म्हणता येईल. टायमिंग चेनची दुरुस्ती त्यांपैकीच होय. कारण ही साखळी इंजिनाच्या आवरणाआड असते आणि ते उघडण्याचा खर्चच मोठा असतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. अनेक इंजिनांत हे प्रमाण धातूची साखळी राखते आणि त्यामुळे व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात व मिटतात. साखळी ‘ताणली गेली’ असे गॅरेजमध्ये म्हटले जाते. प्रत्यक्षात धातू ताणला जात नाही, तर कड्यांतील पिना व बुश झिजून एकूण लांबी वाढते. साखळी घट्ट ठेवणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत तेलाच्या दाबावर काम करतो. म्हणून वेळेवर तेल न बदलणे हे या दोषाचे एक प्रमुख कारण आहे. रबरी टायमिंग बेल्ट बदलण्याची मुदत ठरलेली असते, साखळीची सहसा नसते. तिला ‘आयुष्यभराची’ मानण्याचा समज यातूनच रूढ झाला आणि तो महागात पडतो. थंड इंजिन सुरू करताना काही सेकंद येणारा खडखडाट ही तिची पूर्वसूचना असते.

इंजिन सुरूच होत नसेल, तर तपासणीचा क्रम खर्चाच्या चढत्या श्रेणीने लावणे शहाणपणाचे असते. स्वस्त चाचणीने जी शक्यता बाद होते, तिच्यासाठी महाग चाचणी कशाला? पूर्ण भारित बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर मंदपणे फिरत असेल, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या जोडण्यांचा असतो. तो नेहमीच्या गतीने फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर पेट्रोल इंजिनात इंधन व ठिणगी तपासावी लागते. मात्र स्टार्टर नेहमीपेक्षा वेगाने, हलका व एकसुरी फिरत असेल, तर सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही असा संशय घ्यावा. साखळीकडे बोट दाखविणारा हा पहिला ठोस संकेत होय.

तेल भरण्याचे झाकण काढल्यावर ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट दिसतो, तेथे स्टार्टर फिरवताना तो स्थिर राहिला, तर साखळी तुटल्याची शक्यता फार मोठी असते. तो फिरला, तरी साखळी निर्दोष ठरत नाही. ती चक्राचे एक-दोन दात सोडून सरकलेली असू शकते. संगणकीय स्कॅनरवर येणारा ‘पी ००१६’ हा संकेतांक क्रँक व कॅम यांच्या स्थितीत मेळ नसल्याचे सांगतो. त्याचे कारण संवेदक, तार, तेल-नियंत्रक व्हॉल्व्ह किंवा साखळी यांपैकी काहीही असू शकते. केवळ हा अंक वाचून साखळी बदलणे म्हणजे निदान नव्हे. कॉम्प्रेशन चाचणी आणि अखेरीस क्रँकशाफ्ट हाताने फिरवून खुणा जुळतात का हे पाहणे, यांनीच निष्कर्ष पक्का होतो. संशय आल्यावर वारंवार स्टार्टर मारणे टाळावे. अनेक इंजिनांत चुकीच्या क्षणी उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि साखळीच्या संचापुरता असलेला खर्च सिलिंडर हेडपर्यंत जातो.

अशा निदानाची साधने कोणाच्या हाती असावीत, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदान-साधने स्वतंत्र गॅरेजांनाही उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले. हा आदेश पुढे अपिलात गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. तिच्या कार्यक्षेत्रात मोटारींचाही समावेश होता. स्कॅनर उपलब्ध झाला, तरी तो वाचणारा कारागीर लागतोच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

ग्राहकाच्या हाती मात्र एक साधी पडताळणी उरते. काढलेली जुनी साखळी परत मागून ती नव्या साखळीशेजारी टांगावी. दोहोंची कडी सारखीच असताना जुनी खाली लोंबत असेल, तर झीज डोळ्यांनी दिसते.