तीळभर अंतराचा भूगोल : 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या कथेतील कार्यकारणभाव

मराठी विज्ञानकथेविषयी लिहिताना जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या कथेला 'फुलपाखरू-परिणामाची कथा' म्हणून मोकळे होण्याचा प्रघात पडला आहे. 'यक्षांची देणगी' (१९७९) ह्या संग्रहातील ही कथा पुढे इंग्रजी रूपात अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेली आणि तिच्यासोबत हे लेबलही सर्वदूर पोहोचले. प्रस्तुत लेखात ते लेबल कितपत नेमके आहे हे पाहावयाचे आहे. त्यानंतर कथेतील एका भौगोलिक तपशिलाकडे लक्ष वेधावयाचे आहे. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकाला तो आपोआप खटकावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम संज्ञेविषयी. एडवर्ड लॉरेन्झ ह्या हवामानशास्त्रज्ञाने इ.स. १९६१ मध्ये संगणकाला ०.५०६१२७ ह्या संख्येऐवजी ०.५०६ ही संख्या पुरवली आणि काही काळाने आकडेमोडीतून अगदी वेगळेच हवामान बाहेर पडले. आरंभीचा नगण्य फरक काही व्यवस्थांत वाढत जाऊन अनावर होतो, हे त्याचे प्रतिपादन. ब्राझीलमधील फुलपाखरू आणि टेक्सासमधील वादळ हे रूपक त्याच्या १९७२ च्या व्याख्यानाच्या शीर्षकातून रूढ झाले. त्याआधी वीस वर्षे, १९५२ मध्ये, रे ब्रॅडबरीच्या 'अ साउंड ऑफ थंडर' ह्या कथेतील शिकारी प्राचीन काळात वाट सोडून पाय टाकतो, एक फुलपाखरू चिरडतो आणि परत येतो तेव्हा निवडणुकीचा निकाल आणि शब्दांची लेखनपद्धतीही बदललेली असते. कालप्रवासकथेतील कार्यकारणभावाचा हा नमुना ठरला. त्यात प्रवासी अपराधी असतो, आणि भूतकाळातील कोणताही क्षण दुसऱ्या कोणत्याही क्षणाइतकाच नाजूक असतो.

नारळीकरांच्या कथेत ह्यांपैकी एकही गोष्ट नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे भूतकाळात जातच नाहीत. ट्रकच्या धक्क्यानंतर ते एका वेगळ्या 'आज'मध्ये वावरतात. तेथे ते काही बदलत नाहीत. पुणेकर विद्वानाला साजेल असे ते ग्रंथालय गाठतात, आणि टाउन हॉलमध्ये आपल्याच ग्रंथाचा पाचवा खंड उघडून पाहतात. इ.स. १७६१ च्या १४ जानेवारीला विश्वासरावांना लागलेली गोळी तेथे कानाजवळून, तिळाएवढ्या अंतराने निसटलेली असते. कालप्रवासाच्या वाङ्मयात एवढा निरुपद्रवी प्रवासी क्वचितच आढळेल. आझाद मैदानावरील सभेत व्यासपीठावरची रिकामी खुर्ची पाहून त्यांचा संयम सुटतो, हाच काय तो त्यांचा हस्तक्षेप. परत येताना त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातील बखरीचे एक फाटके पान उरते. अपराधाच्या जागी येथे पुरावा आहे.

कथेत राजेंद्र देशपांडे हे पात्र जे स्पष्टीकरण देते त्याचा आधारही लॉरेन्झ नव्हे. आधार आहे रने तोम ह्या फ्रेंच गणितज्ञाचा आपत्ती-सिद्धान्त आणि त्याच्या जोडीला पुंजवादातील अनिश्चितता. (तोमच्या सात मूलभूत आपत्तींपैकी एकीचे नाव 'फुलपाखरू' असावे, हा गोंधळ वाढवणारा योगायोग.) दोन्ही सिद्धान्तांतील भेद साहित्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. आपत्ती-सिद्धान्तानुसार व्यवस्था एरवी स्थिर असते, काही मोजक्या उंबरठ्यांवरच लहानसा बदल तिला पलीकडे लोटतो. सैन्ये तुल्यबळ, शस्त्रे तुल्यबळ, म्हणून निर्णय नेतृत्व आणि मनोधैर्य ह्यांवर येऊन ठेपलेला, अशा क्षणी विश्वासराव पडतात. भाऊसाहेब घोड्यावर बसून गर्दीत घुसतात, दिसेनासे होतात आणि फौज मोडते. तीळ महत्त्वाचा ठरतो तो ह्या क्षणी. तासभर आधी तो तीळच राहिला असता. 'विश्वास पानिपतात गेला' असे म्हणणाऱ्या भाषेला ही उपपत्ती पटावी ह्यात नवल नाही.

ती इतिहासकाराला तितकीच पटेल असे नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या पानिपतविषयक लेखनानंतर रसद तुटणे, उपासमार, सोबतचा यात्रेकरूंचा आणि बाजारबुणग्यांचा भार, उत्तरेतील एकाकीपण ही कारणे बाजूला सारता येत नाहीत. उपाशी फौजेचे मनोधैर्य एका गोळीने मोडले की त्याआधीच मोडत आले होते, ह्या प्रश्नाला कथा बगल देते. पुंजवादातील अनिश्चितता इलेक्ट्रॉनवरून बंदुकीच्या गोळीवर नेतानाही ती थोडी घाई करते. तथापि कथेकडून प्रबंधाची अपेक्षा करणे योग्य नव्हे. तिने स्वतः मान्य केलेल्या गृहीतकांशी ती प्रामाणिक राहते का, एवढेच विचारावे.

आता भूगोलाकडे वळू. गंगाधरपंत पुण्याहून आगगाडीने मुंबईस निघतात. लोणावळा मागे पडल्यावर 'सरहद्द' नावाच्या स्थानकावर परवाने तपासले जातात. ब्रिटिश राज्य येथून सुरू होते. पुढे उपनगरी गाड्यांचे निळे डबे दिसतात, त्यांवर चिमुकला युनियन जॅक रंगवलेला असतो. पुण्याच्या गाडीचा मार्ग लक्षात घेता हे डबे मुलुंड, भांडुप, घाटकोपर ह्या पट्ट्यातच दिसणार. म्हणजे कथेतील जगात हा सारा पट्टा इंग्रजांकडे आहे.

तो त्यांच्याकडे आला कसा? वास्तव इतिहासात मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली हा सारा साष्टी बेटाचा मुलूख. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ ह्या काळात, तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला आणि पानिपतच्या वेळी मराठ्यांचाच होता. इंग्रजांनी तो १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावला. १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबादादांनी त्यावर मान्यतेची मोहोर उठवली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो कायमचा गेला. ही संधी इंग्रजांना मिळाली ती माधवरावांचा १७७२ मधील मृत्यू, नारायणरावांचा १७७३ मधील खून आणि पेशवेपदाचा तंटा ह्यांमुळे. पानिपत जिंकलेल्या जगात मात्र, कथेच्याच सांगण्यानुसार, विश्वासराव आणि माधवराव मिळून राज्य चालवतात आणि उपद्रवी दादासाहेब राजकारणातून बाजूला होतात. मग सुरतेचा तह कोणी केला?

ज्या साखळीचे टोक तिळात आहे तिची एक कडी येथे निखळली आहे. कथेच्या तर्काप्रमाणे सरहद्द घाटाखाली नव्हे, शीवला असावयास हवी होती. 'शीव' ह्या शब्दाचा अर्थच सीमा. सतराव्या शतकात इंग्रजांनी तेथे किल्ला बांधला तो साष्टी परसत्तेची होती म्हणूनच. मग परवाने तपासणारा अधिकारी कुर्ल्याला गाडीत चढला असता, आणि घाटकोपरचा रहिवासी रोज दोन राज्ये ओलांडून कामावर गेला असता. कथेला ह्याहून वेधक दृश्य सापडणे कठीण होते.

लेखकाच्या बाजूने एक युक्तिवाद करता येतो. कथेत इंग्रजांची मुंबई भाडेपट्ट्यावर आहे. १९०८ च्या एका कल्पित तहानुसार त्याची मुदत २००१ मध्ये संपावयाची आहे, आणि व्यापारी सोयीसाठी मराठ्यांनी ती राहू दिली आहे. ह्याच पट्ट्यात साष्टी आणि तिच्या पलीकडील घाटापर्यंतचा मुलूखही दिला गेला असेल. परंतु कंपनीला किनाऱ्यावरच्या ठिपक्यांपुरती आवळणाऱ्या दरबाराने ठाण्याच्या खाडीचे दोन्ही काठ परक्यांच्या हाती का दिले असावेत, ह्याचे उत्तर त्या पाचव्या खंडात असेल. गंगाधरपंतांनी खिशात घातले ते पान मात्र बखरीचे होते.