परदेशस्थ विद्यार्थ्यांची वसंतऋतुचर्या : एक अनुभव

ऋतुचर्येचा अध्याय विद्यार्थिदशेत आपण सारेच मुखोद्गत करतो आणि पुढे व्यवसायात चैत्र जवळ आला की वसंताचे पथ्य रुग्णाच्या हाती देतो. आपल्या भागात हे बहुधा निभून जाते. मात्र महाराष्ट्रातील पुष्कळ मुले आता उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जातात आणि तेथून दूरध्वनीवर सल्ला विचारतात. अशा वेळी आपल्या भिंतीवरील पंचांग पाहून दिलेला सल्ला कसा फसतो, हे माझ्याच एका चुकीच्या आधारे मांडत आहे.

पश्चिम जर्मनीतील आखेन येथे शिकणारी, कफप्रधान प्रकृतीची विद्यार्थिनी. प्रतिश्यायाची प्रवृत्ती बालपणापासून. मार्चअखेरीस तिने कळविले की चार दिवस स्वच्छ ऊन आहे, झाडांना पालवी फुटली आहे आणि नाक वाहू लागले आहे. मी तत्काळ वसंतचर्या सांगितली. हिवाळ्यात सुरू असलेले दूध, तूप, उडीद व अभ्यंग बंद. लघु आहार आणि उद्वर्तन सुरू. तिळतेलाचे प्रतिमर्श नस्य पूर्ववत. पुढील आठवड्यात तेथे सकाळी हिमवर्षाव, दुपारी ऊन आणि सायंकाळी गारा असा क्रम लागला. दहाव्या दिवशी तिला रात्री कास व श्वास सुरू झाला. तिने विचारले, "काका, आज मी कोणता ऋतू समजू?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

उत्तर व मध्य युरोपात एप्रिलची ही लहर प्रसिद्धच आहे. सूर्य वर चढून भूमी तापू लागते, पण उत्तरेकडील समुद्र अद्याप थंड असतो. तिकडून येणारी ध्रुवीय हवा तापलेल्या भूमीवरून वाहू लागली की खालची हवा उष्ण व वरची अतिशीत अशी स्थिती होते. त्यातून सरी, गारा, बर्फ आणि मध्येच ऊन असा खेळ चालतो. शिवाय आखेन सुमारे ५१ उत्तर अक्षांशावर आहे. पुण्यात वर्षभरात दिनमानाचा फरक दोन-सव्वादोन तासांचा, तर तेथे तो आठ तासांहून अधिक. मार्च-एप्रिलमध्ये दिवस रोज जवळजवळ चार मिनिटांनी वाढतो. आदानकालाचा असा वेग आपल्या अनुभवात नाही.

आता संप्राप्तीचा विचार करू. शिशिरात संचित झालेला कफ वसंतात सूर्यकिरणांनी विलीन होऊन कायाग्नीला बाधा आणतो, हे चरकाचार्यांचे प्रतिपादन सर्वांना ठाऊक आहे. आखेनमध्ये संचयाचा काळ दीर्घ, ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत. विलयन मात्र सलग होत नाही. दोन दिवस कफ पाझरतो, तिसऱ्या दिवशी शैत्याने पुन्हा स्त्यान होतो. त्यात उष्णयंत्राने तापविलेल्या खोलीतील रूक्ष हवेने वाताचा अनुबंध होतो. माझ्या मते या रुग्णेत श्वासाची उत्पत्ती याच मार्गाने झाली. कालाचा मिथ्यायोग म्हणजे काय, हे इतके स्पष्ट उदाहरण मला पूर्वी मिळाले नव्हते.

माझ्या चुका दोन. पहिली म्हणजे पूर्वऋतूची चर्या एकदम सोडविली. वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधीचा काळ चौदा दिवसांचा सांगून त्यात जुना विधी क्रमाने सोडावा व नवा क्रमाने घ्यावा असे बजावले आहे. एकदम केलेल्या बदलातून असात्म्यज रोग होतात. आखेनमध्ये हा संधी चौदा दिवसांत संपत नाही, सहा ते आठ आठवडे लांबतो, असे समजूनच पादांशिक क्रम आखावा.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी. अकाली वृष्टीतही प्रतिमर्श चालतो, एवढेच माझ्या स्मरणात राहिले होते. त्याच प्रकरणात दोष उत्क्लिष्ट असता प्रतिमर्श वर्ज्य सांगितला आहे. नाक वाहते आहे असे रुग्णा स्वतः सांगत असताना मी तेल चालू ठेवले! नवपीनस, कास व श्वास यांत तसेच अनार्तव दुर्दिनी इतर नस्यही निषिद्ध आहे, आत्ययिक अवस्था सोडून. पाठ असलेले वचन अर्धेच आठवले की असे होते.

पुढे नस्य थांबविले. शुंठीसिद्ध कोमट जल, मुगाचे कढण, जवाची पेज (जव तेथे सहज मिळतात), थोडे तूप पुन्हा सुरू आणि दही व चीज पूर्ण बंद, अशी योजना केली. वमनाचा विचारही केला नाही. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला दूरध्वनीवरून शोधन सांगणे अनुचित होय. वस्त्रांबाबत तेथील लोकांचीच रीत उत्तम : एकावर एक पातळ थर घालावेत, ते तिला 'कांद्यासारखा पोशाख' म्हणतात.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. एप्रिल हा तेथे भूर्जवृक्षाच्या परागांचा प्रमुख काळ आहे. तेथील वैद्यकीय तपासणीत या रुग्णेस त्याच परागांची ॲलर्जी आढळली आणि श्वासमार्गे घेण्याचे औषध देण्यात आले. बरे वाटू लागताच तिने ते सोडण्याची परवानगी माझ्याकडे मागितली. मी ती दिली नाही. श्वासाच्या रुग्णाला समोर बसून नाडी व उरःस्थान तपासल्याखेरीज असे सांगण्याचा अधिकार आपणास नाही.

औषधालयचालकांसाठी थोडेसे. युरोपीय संघाचा पारंपरिक वनौषधींविषयीचा निर्देश २००४ सालचा असून त्यातील संक्रमणकाल एप्रिल २०११ मध्ये संपला. प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती औषधे बरोबर नेता येतात, परंतु टपालाने पाठविलेली पुडकी जर्मनीत अडकतात. पालक आग्रह धरतात, तरी त्यांना हे आधीच सांगावे. सितोपलादी, तालीसादी यांसारखी चूर्णे मूळ वेष्टनात, घटकद्रव्यांच्या स्पष्ट नोंदीसह आणि वैद्याच्या चिठ्ठीसह द्यावीत. रसकल्प देऊ नयेत.

आता तिचा दूरध्वनी आला की महिना कोणता हे मी पाहत नाही. आज ऊन किती, वारा कसा, नाक वाहते की चोंदले आहे, सकाळी भूक लागली का, एवढे विचारतो. तेथील शेतकरी ११ ते १५ मे हे 'हिमसंतां'चे दिवस उलटेपर्यंत नाजूक रोपे उघड्यावर लावीत नाहीत. तिलाही लोकरी कपडे तोवर पेटीत ठेवू नकोस, असे सांगितले आहे.