साप चावला तर आधी गावचं केंद्र की थेट बिदर?

प्रश्न : आमचं गाव औराद तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळच आहे. तरी कुणाला साप चावला की माणसं पेशंटला घेऊन थेट बिदर, नाहीतर उदगीर गाठतात. 'केंद्रात वेळ जातो आणि शेवटी रेफरच करतात' असं म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि आमच्याकडून 108 लावला तर कधी कधी पुण्याला का लागतो? महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेत सीमाभागातली गावं घेतली होती, तिचा अशा वेळी काही उपयोग?
– एक वाचक, ता. औराद, जि. बिदर

उत्तर : आधी केंद्रात जा. सर्पदंशाच्या बाबतीत एवढं ठाम सांगता येतं, कारण विषावर औषध एकच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस बिदरच्या ब्रिम्स या सरकारी रुग्णालयात टोचतात, तीच तुमच्या केंद्रातही असायला हवी. भुकटीच्या स्वरूपातल्या कुपीला फ्रीजचीही सक्ती नसते. मग चाळीसेक किलोमीटर विष अंगात घेऊन कशाला जायचं?

प्रत्येक दंशाला लस लागते असं नाही. विष भिनलंय की नाही हे ओळखायची एक चाचणी इतकी साधी आहे की ती कुठल्याही केंद्रात होते. पेशंटचं दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती एकदा तिरपी करायची. रक्त थिजलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात उतरलंय. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. साबणाने धुतलेलीही नको, कारण तीत चांगलं रक्तही नीट गोठत नाही. मण्यार आणि नागाचं विष या चाचणीत दिसत नाही. तिथे पापण्या जड होतात का, बोलणं अडखळतं का, श्वास उथळ होतो का, हे पाहावं लागतं. मण्यार बहुधा रात्री, झोपेत चावते आणि दाताची खूण शोधूनही सापडत नाही. लक्षणं दिसली की पहिला डोस साधारण दहा कुप्यांचा. लहान मुलालाही तेवढाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. लक्षणं नसली तरी पेशंटला चोवीस तास नजरेखाली ठेवायचं असतं.

आता तुमच्या गावकऱ्यांची तक्रार. ती खोटी नाही. लस न टोचता चिठ्ठी लिहून पुढे पाठवल्याची उदाहरणं दोन्ही राज्यांत भरपूर आहेत. यामागे बहुधा भीती असते. लसीची रिअ‍ॅक्शन येऊन रक्तदाब एकदम कोसळू शकतो आणि रात्री केंद्रात एकटाच डॉक्टर असतो. पण रिअ‍ॅक्शनवर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन आहे, ते स्वस्त आहे, आणि सिरिंजमध्ये भरून जवळ ठेवूनच लस सुरू करायची असते. पहिला डोस द्या, मग पाठवा, हीच योग्य रीत. पुढे पाठवणं चूक नाहीच. श्वास थांबू लागला तर व्हेंटिलेटर लागतो आणि तो केंद्रात नसतो. चूक आहे ती रिकाम्या हाताने पाठवण्यात.

आणि पाठवताना फोन करायला हवा. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. दंश किती वाजता झाला, कुप्या किती गेल्या आणि कधी, रक्त गोठलं का, हे चिठ्ठीवर असलं पाहिजे आणि गाडी पोचण्याआधी पुढच्या दवाखान्याला कळलं पाहिजे. नाहीतर तिथला डॉक्टर सगळं पहिल्यापासून विचारत बसतो. श्वास जड झालेल्या पेशंटला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. ऑक्सिजन आणि फुगा दाबून श्वास देणारा माणूस असलेली रुग्णवाहिकाच हवी.

हे जमतं का? हृदयविकारात जमवलंय. अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने कर्नाटकात हृदयज्योती योजना आहे. तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ पाहतात आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज तालुक्यातच देतात. पेशंट पुढे नंतर जातो. जयदेवची एक शाखा कलबुर्गीतही आहे. सर्पदंशाला अशीच साखळी हवी. फेब्रुवारी 2024 पासून कर्नाटकात प्रत्येक सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक झालंय, ही चांगली सुरुवात आहे. अपघाताचं गणित मात्र निराळं. हुमनाबादजवळ महामार्गावर डोक्याला मार लागला तर वाटेतल्या केंद्रात रक्तस्राव थांबवून घ्यावा आणि न रेंगाळता शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा.

108 बद्दल. कर्नाटकात ही सेवा 2008 मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात 2014 मध्ये. एकीचे फोन बेंगळुरूला जातात, दुसरीचे पुण्याला. आकडा एक असला तरी यंत्रणा दोन आहेत. हद्दीवर मोबाईलने पलीकडचा टॉवर पकडला की फोन पलीकडे जातो. म्हणून उचलल्याबरोबर आधी राज्य सांगा, मग जिल्हा, तालुका, शेवटी गाव. नुसतं 'वडगाव' म्हटलं तर दोन्ही राज्यांत पोत्याने वडगावं आहेत. दोन्ही नियंत्रण कक्षांनी असा फोन एकमेकांकडे तिथल्या तिथे वळवला पाहिजे. दोन राज्यांचा सीमावाद न्यायालयात आहे, तो तिथे चालू दे. पेशंटने त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं अशी कुणाचीच इच्छा नसणार.

योजनेचं म्हणाल तर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली आणि कर्नाटकाने तिला कडाडून विरोध केला. अशा योजनेतून दवाखान्याचं बिल भागतं. पहिल्या तासात लस कुठे मिळेल याचं उत्तर तिच्यात नाही.

गावच्या केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या या साखळीची मागणी नवी नाही. 1992 मध्ये पश्चिम बंगालात हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार होता. मथुरापूरच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून कलकत्त्याला पाठवलं. तिथे एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, यंत्र नाही म्हणत परत लावलं. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हकीम शेख यांना 25,000 रुपये भरपाई दिली आणि सरकारांना सांगितलं की प्राथमिक केंद्रात पेशंटला सावरण्यापुरती सोय करा, रुग्णवाहिका ठेवा, खाट कुठे रिकामी आहे हे कळवणारी मध्यवर्ती यंत्रणा उभारा. त्यासाठी पैसा नाही ही सबबही न्यायालयाने मान्य केली नाही.

तेव्हा पेरणी सुरू होण्याआधी गावातल्या चौघांनी आशाताईंना बरोबर घेऊन केंद्रात जावं. लसीच्या कुप्या किती आहेत, त्यांची मुदत कधी संपते, रात्री ड्यूटीवर कोण असतं, 108 ची गाडी कुठे उभी असते, हे विचारून घ्यावं. कुप्या दहापेक्षा कमी निघाल्या तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.